ठाण्यातलं कौटुंबिक हिंसा समुपदेशन केंद्र : समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींच्या किती कामाचं?

नाव-पत्ता इथे मुद्दाम दिलेला नाही. मारहाण करणाराही हे वाचू शकतो. केंद्र ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि समुपदेशन विनामूल्य आहे.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे नोंदणीचा फॉर्म. ‘पतीचे नाव’ हा रकानाच नाही. ‘त्रास कोणाकडून?’ एवढंच विचारलंय, पुढे मोकळी जागा. हे फार मोलाचं आहे, कारण अनेक लेस्बियन मुलींना पहिला मार आईवडिलांच्या घरातच बसतो. २००५च्या कायद्यात (कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम) रक्ताचं नातंही येतं. शिवाय २०१६ साली हिरल हरसोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अर्ज कोणाविरुद्ध करता येतो या व्याख्येतले ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढून टाकले, तेव्हापासून आईविरुद्धही अर्ज करता येतो. आधारवरचं नाव आणि हाक मारायचं नाव वेगळं नोंदवतात. फोन कोणत्या वेळी करायचा, दुसऱ्याने उचलला तर काय सांगायचं, तेही लिहून घेतात.

दोघी जोडीने आल्या तर दोघींशी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या समुपदेशक बोलतात. हेच बरोबर आहे. मारणारीही बाईच असली की ती ‘मैत्रीण’ म्हणून सोबत आत येऊन बसते आणि पीडितेचं तोंड बंद होतं. ‘तुझ्या ऑफिसात सांगेन’ ही धमकी, हार्मोनची औषधं लपवणं, मार्कशीट अडकवून ठेवणं, हे सगळं इथे हिंसा म्हणूनच नोंदतात.

कायद्याच्या सल्ल्यात मात्र घाई दिसते. दोन स्त्रियांचं नातं २००५च्या कायद्यात बसेलच, असं गृहीत धरू नये; पुरुष जोडीदाराकडून मार खाणाऱ्या पुरुषाला तर तो कायदा लागूच नाही. अशा वेळी भारतीय न्याय संहितेतली कलमं वापरावीत : दुखापतीसाठी ११५(२), डांबून ठेवण्यासाठी १२७, धमकीसाठी ३५१.

सर्वात मोठी उणीव घर सोडण्याच्या तयारीत आहे. मुलगी सज्ञान असेल तर ‘स्वखुशीने घर सोडले’ असं सहीचं पत्र, वयाच्या दाखल्यासह, पोलिसांना आधीच द्यावं लागतं. केंद्र ते एकाच पोलीस ठाण्यात देतं. घर कळव्यात आणि आसरा वाशीत असेल तर पोलीस आयुक्तालयं दोन. हरवल्याची तक्रार कळव्यात नोंदते, पत्र वाशीत पडून राहतं आणि पोलीस तिला घरच्यांसमोर उभं करतात. पत्र दोन्हीकडे द्या, पोच घ्या, फोटो वकिलाकडे ठेवा.

राहण्याची सोय इथे नाही. स्त्रियांना सखी वन स्टॉप सेंटरला (हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठीचं सरकारी मदत केंद्र) पाठवतात, पण तिथला मुक्काम जास्तीत जास्त पाच दिवसांचा. ट्रान्स व्यक्तींसाठी गरिमा गृह ही सरकारी निवाऱ्याची योजना आहे. जागा आहे का, हे केंद्राकडूनच फोन करून विचारून घ्या. गे मुलग्यांना द्यायला मात्र केंद्राकडे एकही पत्ता नाही. त्यांनी मित्राचं घर ठरवूनच निघावं, आणि जीवावर बेतलं तर थेट ११२.