दुकानातली पहिली चोरी: तडजोड की परिवीक्षा?

चिपळूणच्या बाजारात दीड हजाराचा माल उचलताना कुणी सापडलं, तर आधी कलम बघा. भारतीय न्याय संहितेचं ३०३(२), म्हणजे साधी चोरी, असेल तर दुकानदार न्यायालयाच्या परवानगीशिवाय तडजोड करू शकतो. तिचा परिणाम निर्दोष सुटकेचा, म्हणून हीच वाट उजवी. मात्र माल ठेवण्याच्या इमारतीतली चोरी म्हणून ३०५ लागलं की ती बंद! आणि ‘मिटलं हो’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. गुन्हा नोंदला असेल तर तडजोडीचा लेखी अर्ज न्यायालयात जायला हवा.

दुसरी वाट परिवीक्षेची (प्रोबेशनची): १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या, सोडता येतं. ३०५ असलं तरी. दुकानदाराची मर्जी लागत नाही, पण दोष सिद्ध झालेला असतो. याच कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टाळतं, दोषसिद्धी पुसत नाही.