गेम डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण: चौदा महिन्यांचा अनुभव आणि एक बंद पडलेला टीव्ही

मागच्या महिन्यात आमच्या गेम लॅबमधला पिक्चर ट्यूबचा टीव्ही बंद पडला, म्हणून हे लिहायला बसले. त्याआधी कोणी विचारलं असतं तर "अभ्यासक्रम चांगला आहे, वाचन फार आहे" एवढंच सांगितलं असतं.

अभ्यासक्रमाची रचना पुन्हा सांगत नाही. आधी सिद्धांत, मग प्रोटोटाइप (खेळाचा कच्चा नमुना), मग गटाचा प्रकल्प, शेवटी प्रबंध. प्रवेशाचा विचार करणाऱ्यांना ती पाठ असते. मी पाच वर्षं नोकरीत कोड लिहून साठवलेल्या पैशांवर शिकते आहे. त्यामुळे प्रत्येक तासाला मनात हिशेब चालू असतो.

पहिले तीन महिने तो हिशेब तोट्यातच होता. योहान हाउझिंगाचं १९३८ चं खेळावरचं चिंतन, मग १९५८ मधले रोजे कायवाचे खेळांचे चार प्रकार: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. त्यानंतर टेट्रिसवरचा वाद. अभ्यासक जॅनेट मरी यांनी १९९७ मध्ये टेट्रिसला कामाच्या ओझ्याखाली दबलेल्या अमेरिकन आयुष्याचं रूप मानलं. दुसरे अभ्यासक मार्कू एस्केलिनेन त्यावर तुटून पडले: खेळात गोष्ट नाही, तर ती बाहेरून का आणता? अलेक्सेई पाजित्नोव्ह यांनी हा खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत लिहिला, तोही ज्या संगणकावर चित्रं काढायची सोय नव्हती त्यावर. ठोकळे कंसांच्या चिन्हांनी बनवले होते. या एका वादावर आमचे दोन आठवडे गेले. मी वर्गातून उठून लॅबमध्ये जायचे आणि त्या जुन्या टीव्हीसमोर बसायचे.

तिथे मी खऱ्या अर्थाने शिकले. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. उडीचं बटण दाबून धरलं की वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी लागतं, सोडलं की लगेच वाढतं. म्हणून एकाच बटणातून छोटी आणि मोठी उडी निघते. हे वाचून कळतं, पण बोटांना कळायला शेकडो उड्या माराव्या लागतात. सेलेस्ट या उड्यांच्या खेळात कडा सोडल्यावरही सुमारे ०.१ सेकंद उडी चालते. खेळणाऱ्याला ही सवलत दिसत नाही, फक्त "माझं ऐकलं" एवढं जाणवतं. माझ्या पहिल्या प्रोटोटाइपमध्ये मी ती घातली आणि आदल्या दिवशी वैतागलेली वर्गमैत्रीण अर्धा तास खेळत बसली.

मग टीव्ही गेला. विभागाने आठवड्याभरात त्या जागी मोठा सपाट टीव्ही लावला आणि विषय संपला असं ठरवलं. मी कन्सोल जोडला, पहिल्याच लेव्हलमध्ये सलग चार वेळा खड्ड्यात पडले. मारिओ उशिरा उडत होता. डक हंटची बंदूक तर चालेचना. ट्रिगर दाबला की तो खेळ क्षणभर पडदा काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो आणि तो उजेड बंदुकीच्या नळीत कधी पोचला हे पाहतो. ट्यूबच्या टीव्हीची वेळ गृहीत धरलेला हा हिशेब सपाट पडद्यावर चुकतो.

मी अर्ज केला. उत्तर आलं: चित्र आता जास्त स्पष्ट आहे. दुसरा अर्ज केला. उत्तर: एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा संगणकावरचा प्रोग्रॅम) वापरा. तिसऱ्याला उत्तरच नाही. लॅबचं शुल्क वेगळं घेतलं जातं, दर सत्राला, आणि त्या शुल्कात मला जे हवं होतं ते खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. ट्यूबच्या टीव्हीत हजारो व्होल्ट असतात, दुरुस्ती कोणाच्याही हातचं काम नाही, हे मला कळतं. पण जाणकाराला बोलवावं, एवढंही कोणाला वाटू नये याचा राग अजून गेलेला नाही.

चौथ्या अर्जासाठी पुरावा हवा म्हणून मी मोजायला घेतलं. वर्गमित्राने घरचा ट्यूबचा टीव्ही आणला. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा फोनचा कॅमेरा लावला, बोट बटणावर आणि पडदा दोन्ही एका चौकटीत घेतले, आणि दाबल्यापासून हालचाल दिसेपर्यंतची चित्रं मोजली. सपाट टीव्ही खेळाच्या सरासरी ६ फ्रेम मागे होता (खेळ सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवतो), म्हणजे सुमारे १०० मिलीसेकंद. गेम मोड, म्हणजे टीव्हीतली उशीर कमी करणारी सोय, चालू केल्यावर फरक २ फ्रेमवर आला. तो मोड कोणी चालूच केला नव्हता!

इथे दोन गोष्टींबद्दल माझं मत बदललं. पहिली, एम्युलेटर. त्यातली रन-अहेड सोय खेळाच्या पुढच्या फ्रेम आधीच चालवून बघते आणि खेळाचा स्वतःचा उशीर कापते. संगणकाच्या मॉनिटरवर ती लावली तेव्हा उडी जवळजवळ जुन्यासारखी लागली. विभागाचं दुसरं उत्तर मी समजले होते तितकं चुकीचं नव्हतं. दुसरी गोष्ट मोठी: सिद्धांत. हुनिके, लब्लांक आणि झुबेक यांची २००४ ची चौकट आम्ही पहिल्या सत्रात घोकली होती: डिझायनर नियम लिहितो, खेळताना त्यातून वर्तन घडतं, त्यातून अनुभव येतो. माझ्यासमोर नियम तेच होते, एक अक्षरही बदललं नव्हतं, आणि अनुभव मात्र वेगळा. मग पडदा या साखळीत नेमका कुठे बसतो? हाच आता माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. ते तीन महिने नसते तर मी फक्त तक्रार लिहिली असती.

बाकीचं थोडक्यात. प्लेटेस्टचे, म्हणजे आपला खेळ दुसऱ्यांकडून खेळवून बघण्याचे, तास उत्तम: आपला खेळ कोणी चुकीचा खेळत असताना तोंड मिटून बसायचं, एवढा एकच नियम, आणि त्याने मला सगळ्यात जास्त शिकवलं. गटाच्या प्रकल्पात माणसं सांभाळणं कोणी शिकवत नाही. नेमलेले खेळ मिळवणं हा स्वतंत्र त्रास. २०२३ च्या एका अभ्यासात अमेरिकेत २०१० आधी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं दिसलं. वाचनालयात पुस्तक नसेल तर ते दुसरीकडून मागवता येतं; खेळाचं तसं होत नाही. म्हणूनच लॅबमधलं एकेक यंत्र इतकं मोलाचं.

प्रवेश घ्यायचा असेल तर भेटीच्या दिवशी लॅब उघडून मागा, जुनी यंत्रं सुरू करून बघा आणि ती कोण दुरुस्त करतं ते विचारा.

पाचपैकी साडेतीन. मोजमापाचा तक्ता जोडून चौथा अर्ज सोमवारी दिला आहे. त्यांनी टीव्ही दुरुस्त केला तर चार करेन.