नमपायमध्ये दोन अटी जोडताना: 'अँड', '&' की 'लॉजिकल_अँड'?

नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी. तिच्यात तापमानाचा एक अ‍ॅरे (आकड्यांची रांग) आहे, [२८, ३४, ३६]. आर्द्रतेचा दुसरा, [७०, ४०, ६५]. तापमान ३० च्या वर आणि आर्द्रता ६० च्या खाली, एवढ्याच नोंदी हव्यात. पायथनच्या सवयीने मध्ये 'अँड' लिहिलं की व्हॅल्यूएरर समोर येतो.

'अँड' इथे बादच धरा. तो डावीकडच्या अख्ख्या अ‍ॅरेला विचारतो, 'तू खरा की खोटा?' तीन घटकांकडे त्याचं एकच उत्तर नसतं. नमपायला हे बदलता येत नाही, कारण पायथन 'अँड'चा अर्थ बदलू देत नाही. ती मुभा मागणारा पेप ३३५ हा पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव २००४ मध्ये मांडला गेला आणि पुढे फेटाळला गेला. तरी एरर येतो हे चांगलंच आहे. आर भाषेत && पूर्वी फक्त पहिला घटक बघून गुपचूप पुढे जायचा; २०२३ च्या ४.३ आवृत्तीपासून तिथेही एरर येतो.

म्हणजे खरी निवड '&' आणि 'लॉजिकल_अँड' यांच्यातच.

अटी तुलनेतून आल्या असतील तर मी '&' वापरतो. (तापमान > ३०) & (आर्द्रता < ६०) हे वाचताच कळतं, उत्तर [फॉल्स, ट्रू, फॉल्स]. पण कंस विसरायचे नाहीत. '&' हा '>' आणि '<' च्या आधी सुटतो, त्यामुळे कंसाशिवाय आधी ३० & आर्द्रता होतं आणि हाती [६, ८, ०] असे भलतेच आकडे येतात. दोन तुलनांची उरलेली साखळी पायथन आतून 'अँड'नेच जोडतो, म्हणून पुन्हा तोच व्हॅल्यूएरर. '&' लिहिलेलं असूनही हा एरर दिसला तर आधी कंस तपासा.

अ‍ॅरे बूलियनच (फक्त ट्रू-फॉल्सचा) आहे याची खात्री नसेल, तर मात्र 'लॉजिकल_अँड' घ्या. '&' पूर्णांकांवर एकेका बिटची (द्विमान अंकाची) 'अँड' करतो: १ & २ म्हणजे ०. दोन्ही आकडे शून्याहून वेगळे, तरी उत्तर शून्य, आणि एररही नाही. 'लॉजिकल_अँड' तिथे ट्रू देतो. दशांश आकड्यांवर '&' सरळ टाइपएरर देतो, 'लॉजिकल_अँड' चालतो; फक्त नॅन (म्हणजे 'संख्या नाही' असं सांगणारी किंमत) त्याच्या लेखी ट्रू असतो, हे लक्षात असू द्या. नकाराचंही तसंच: बूलियन अ‍ॅरेवर '~' बरोबर उलटवतो, पण पूर्णांक १ वर लावला तर -२ मिळतात.

एका बाबतीत दोघे सारखे: डावी बाजू फॉल्स निघाली म्हणून उजवी टळत नाही. (क्ष != ०) & (य / क्ष > २) लिहिलं तरी शून्याने भागल्याची वॉर्निंग येणारच.

तीन अटींपाशी 'लॉजिकल_अँड' दगा देतो. लॉजिकल_अँड(अ, ब, क) असं लिहिलं की तो क ला तिसरी अट मानत नाही, उत्तर ठेवायची जागा मानतो. अ आणि ब चा निकाल क मध्ये लिहिला जातो, क मधलं मूळचं सगळं पुसलं जातं, आणि एरर काही येत नाही. माझा एक मास्क (नोंदी निवडणारा ट्रू-फॉल्सचा संच) असाच गेला होता. मी अर्धा दिवस डेटा फाइलमध्ये चूक शोधत बसलो होतो. तीन-चार अटी असतील तर अ & ब & क पुरतं. अटींची यादीच हातात असेल तर लॉजिकल_अँड.रिड्यूस([अ, ब, क]), नाहीतर ऑल([अ, ब, क], अ‍ॅक्सिस=०). त्यातला अ‍ॅक्सिस गाळला तर सगळ्या अ‍ॅरेंचं मिळून एकच ट्रू किंवा फॉल्स हातात पडतं.