महागडी एचडीएमआय केबल घ्यावी का? पावसाळ्यापासूनच्या वापरानंतरचं माझं मत

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीच्या घरी हॉलमध्ये 4के प्रोजेक्टर बसवला. टीव्ही, साउंडबार आणि माझा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आधीपासून होतेच. तेव्हापासून तीन केबल रोज वापरात आहेत: टीव्हीपासून साउंडबारपर्यंत दोन मीटरची साधी तांब्याची एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल), टीव्हीकडून अ‍ॅम्प्लिफायरच्या डीएसीकडे (डिजिटल डेटाचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या भागाकडे) जाणारी ऑप्टिकल केबल, आणि भिंतीतून छतापर्यंत गेलेली पंधरा मीटरची फायबरची, म्हणजे तंतूतून प्रकाशाने डेटा नेणारी एचडीएमआय. नवीन सेटअप करणाऱ्या प्रत्येकाला दुकानात महागड्या केबलचा आग्रह होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी भिंतीतलं. घराचं वायरिंग झालं तेव्हाच पंधरा मीटरची तांब्याची केबल टाकून ठेवलेली होती. जुन्या फुल एचडी प्रोजेक्टरला ती कित्येक वर्षं बिनतक्रार चालली. 4के प्रोजेक्टर लावला आणि पहिल्याच संध्याकाळी अंधाऱ्या दृश्यात पांढरे ठिपके चमकायला लागले. थोड्या वेळाने पडदा दोन-तीन सेकंद काळा, मग चित्र परत. स्ट्रीमिंग बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट 4के 60 (सेकंदाला 60 फ्रेम) वरून 1080पी, म्हणजे फुल एचडी वर आणलं, तर ठिपके त्याच क्षणी गायब. केबल तीच, प्रोजेक्टर तोच.

याचं कारण आकड्यांत आहे. 1080पी, सेकंदाला 60 फ्रेम, यासाठी केबलमधून सेकंदाला सुमारे 4.46 गिगाबिट जातात. 4के 60 पूर्ण रंगांसह पाठवायचं तर 17.82 गिगाबिट, म्हणजे बरोब्बर चौपट. वेग वाढतो तशी तांब्यातली सिग्नलची झीज वाढते आणि लांबीबरोबर ती साचत जाते. एका मर्यादेनंतर पलीकडच्या चिपला शून्य कुठलं आणि एक कुठला हे ओळखता येईनासं होतं. 4के 60 पर्यंतच्या एचडीएमआयमध्ये चित्राच्या डेटाला चूक दुरुस्त करण्याची सोय नाही, त्यामुळे चुकलेला पिक्सेल तसाच पडद्यावर येतो. तेच ते पांढरे ठिपके.

सगळ्यात महत्त्वाचं हे की चूक झाली तर ती अशी दिसते: ठिपके, रेघा, काळा पडदा. चित्र थोडं मऊ झालं, रंग फिके पडले, काळा रंग करडा दिसला, असं केबलमुळे होत नाही. पिक्सेलचा रंग आकडा म्हणून प्रवास करतो. आकडा जसाच्या तसा पोचला तर त्याहून चांगला पोचणं शक्यच नाही. ‘या केबलने ब्लॅक लेव्हल सुधारते’ असं दुकानदार सांगतो तेव्हा मला मनापासून राग येतो, कारण समोरचा माणूस कष्टाचे पैसे मोजत असतो.

खात्री करायची म्हणून मित्राकडून जाड, विणलेल्या आवरणाची, कित्येक हजारांची दोन मीटरची केबल आणली आणि माझ्या पाच-सहाशे रुपयांच्या केबलशी आलटून पालटून लावली. एकच फ्रेम थांबवून टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन सबटायटलच्या अक्षरांच्या कडा पाहिल्या. केस, कापडाचा पोत, आकाशातल्या छटा, कशातही तसूभर फरक नाही. घरच्यांना न सांगता केबल बदलली, कोणाच्याही लक्षात आलं नाही.

मग पाहायचं काय? प्रमाणपत्र. 18 गिगाबिटसाठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ आणि 48 गिगाबिटसाठी ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लेबल असतं, त्यावरचा क्यूआर कोड अधिकृत अ‍ॅपने स्कॅन करून तपासता येतो. पाकिटावर नुसता ‘2.1’ हा एचडीएमआयचा आवृत्ती क्रमांक छापलेला असेल तर त्यावर विसंबू नका. प्रमाणित केबलची किंमत फार नसते. सोन्याच्या मुलाम्याबद्दल बोलायचं तर आमच्याकडच्या खाऱ्या हवेत पिना गंजू नयेत म्हणून तो हवाच, पण स्वस्त केबललाही तो असतो आणि चित्राशी त्याचा संबंध नाही.

ऑडिओचंही तेच. ऑप्टिकल केबल, म्हणजे 1983 साली तोशिबाने आणलेली टॉसलिंक, प्रकाशातून डेटा नेते. तिचा मला झालेला खरा फायदा वेगळाच: आधी टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून अ‍ॅम्प्लिफायरला वायर होती तेव्हा अर्थिंगच्या लूपमुळे सतत घुंऽऽ आवाज यायचा, तो पूर्ण बंद झाला. ही करामत काचेच्या महागड्या केबलची नव्हे, माझी केबल साध्या प्लास्टिक फायबरची आहे. मर्यादाही माहीत असू द्या: टॉसलिंकवरून स्टिरिओ किंवा कॉम्प्रेस केलेला 5.1 (सहा चॅनेलचा सराउंड आवाज) जातो, ब्लू-रेवरचा ट्रूएचडी अ‍ॅटमॉस (वरूनही आवाज येणारा, दर्जा न घटवलेला सराउंड) जात नाही. त्यासाठी टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ईएआरसी हवं, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयवरून साउंडबारकडे पाठवणाऱ्या एआरसी या सोयीची जास्त क्षमतेची आवृत्ती. ओटीटीवरचा अ‍ॅटमॉस मात्र साध्या एआरसीवरूनही येतो, तो माझ्याकडे दोन मीटरच्या केबलवर व्यवस्थित चालतोय.

पैसे टाकायचे ते लांब अंतरावर. फायबरची एचडीएमआय मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणली आणि तेव्हापासून 4के 60 एचडीआर (उजेड-अंधाराच्या जास्त छटा दाखवणारं चित्र) एकदाही तुटलेलं नाही, आयपीएलच्या लांबलचक संध्याकाळींनाही नाही. तिचे नखरे आहेत. ती एकाच दिशेने चालते, एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. उलटी ओढली तर पुन्हा सगळी बाहेर काढावी लागते, म्हणून पाइपमध्ये घालण्याआधी जमिनीवर पसरून दोन्ही टोकं जोडून, चित्र बघूनच आत सोडा. काटकोनात दुमडू नका, आतला तंतू तुटतो. एल्बोऐवजी लांब वळणाचा बेंड लावायला इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा, पाइप जरा मोठ्या मापाचा घ्या, आणि केबल ओढून झाल्यावर त्यात एक ओढतार तशीच राहू द्या. पुढची केबल टाकताना भिंत फोडावी लागणार नाही.