एफआरआय देहरादूनला एमएस्सी फॉरेस्ट्री करावी का? माझा रिव्ह्यू

बॉटनी किंवा फॉरेस्ट्री घेऊन बीएस्सी झालं की आपल्याकडच्या पोरापोरींना एकच प्रश्न पडतो, पुढे काय, इथेच एन्व्हायर्नमेंटल सायन्स करू की बाहेर पडू. मी बाहेर पडले आणि देहरादूनच्या एफआरआयमधून, म्हणजे वन संशोधन संस्थेतून, एमएस्सी फॉरेस्ट्री केलं. पाचपैकी चार स्टार. जो एक कापलाय तो संस्थेमुळे नाही, नंतरच्या नोकऱ्यांमुळे, त्याचं पुढे सांगते.

आधी थोडी माहिती. आपल्या देशातलं वनशिक्षण याच गावात उभं राहिलं, १८७८ ला ब्रँडिस नावाच्या जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञाने इथे फॉरेस्ट स्कूल काढलं, १९०६ ला संशोधन संस्था झाली आणि १९९१ पासून ते अभिमत विद्यापीठ आहे. एमएस्सी चार विषयांत होते: फॉरेस्ट्री, एन्व्हायर्नमेंट मॅनेजमेंट, वुड सायन्स आणि सेल्युलोज-पेपर टेक्नॉलॉजी. प्रवेश परीक्षेचे नियम त्या त्या वर्षीच्या पत्रकातच बघा, सिनियर्सच्या सांगण्यावर जाऊ नका. १९२९ ची ती लांबच लांब विटांची बिल्डिंग तुम्ही पिक्चरमध्ये पाहिलीच असेल, सुट्टीच्या दिवशी सेल्फीवाल्यांची जत्रा असते, पहिल्या महिन्यात आपणही काढतो मग बंद होतं.

घरच्यांसकट सगळे विचारतात की हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन उष्ण कटिबंधाचं जंगल काय शिकणार? बरं, चॅम्पियन आणि सेठ या वनशास्त्रज्ञांचं १९६८ चं जे वर्गीकरण सगळा वनविभाग वापरतो त्यात भारतातल्या जंगलांचे १६ गट आहेत, त्यातले पहिले सात किनाऱ्यावरच्या खारफुटीसकट उष्ण प्रदेशातले, आणि देहरादूनच्या आसपासचं साल नावाच्या झाडाचं जंगल तिसऱ्या गटात, ट्रॉपिकल मॉइस्ट डेसिड्युअसमध्ये, म्हणजे उष्ण दमट पानझडीत येतं. आपला ऐनही तिथे सालाच्या जोडीने उभा असतो. आणि मजा अशी की सकाळी सालाच्या जंगलात नमुन्याचा प्लॉट आखून झाडं मोजून मसुरीच्या बसमध्ये बसलात की पस्तीसेक किलोमीटरमध्ये बांज ओक लागतो, पुढे चकराताकडे गेलात तर देवदार, म्हणजे पुस्तकात ज्याची पानंच्या पानं आहेत ते एका दिवसात डोळ्यासमोर. आपल्याकडे सह्याद्री भारी आहेच, पण एवढे गट एका बसच्या तिकिटात मिळत नाहीत.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लाकूड ओळखायचं प्रॅक्टिकल. हातात माचिसच्या पेटीएवढा तुकडा, त्यावर नाव नाही फक्त नंबर, नव्या ब्लेडने टोकाला एक स्वच्छ काप घ्यायचा, जरा ओला करायचा आणि दहापट भिंग डोळ्याला लावून उजेडाकडे वळायचं. साग असेल तर वर्षवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते, हाताला तेलकट लागतो आणि वास जुन्या चामड्यासारखा. सालात मात्र छिद्रं सगळीकडे पसरलेली आणि मधूनच राळेने भरलेल्या नळ्यांच्या बारीक पांढऱ्या रेघा. आधी काहीच दिसत नाही, सगळं नुसतं तपकिरी, मग कधीतरी अचानक दिसायला लागतं आणि मग लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा खुर्चीचं लाकूड कुठलं ते बघायची खोड लागते (घरचे वैतागतात). तिथल्या टिंबर म्युझियममध्ये ७०४ वर्षं वयाच्या देवदाराचा आडवा काप ठेवलाय तो चुकवू नका, आणि हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, तीन लाखांवर नमुने आहेत.

कीटकशास्त्र कंटाळवाणं असेल असं वाटलेलं, पण साल बोररचा भाग निघाला तेव्हा वर्ग जागा झाला. हा भुंगेरा पाऊस सुरू झाला की बाहेर पडतो आणि त्याची अळी उभं झाड आतून पोखरते, त्यावर उपाय काय तर सालाचेच ओंडके कापून ठेचून ठेवायचे, रसाच्या वासाने भुंगेरे तिथे गोळा होतात, मग वेचून मारायचे. इतकं साधं, आणि इतक्या वर्षांनी अजून वापरतात.

दुसरा फायदा गावाचा. वाइल्डलाइफ इन्स्टिट्यूट, फॉरेस्ट सर्व्हे आणि रिमोट सेन्सिंगची आयआयआरएस, सगळं देहरादूनमध्येच. ज्याला जीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशांचं काम, शिकायचंय त्याने आयआयआरएसचे फुकट ऑनलाइन कोर्स पहिल्या सेमिस्टरपासूनच धरावेत, नोकरीच्या मुलाखतीत सगळ्यात आधी तेच विचारतात.

मेसमध्ये राजमा-चावल. कोकणातल्या माणसाने सुक्या मासळीची सोय स्वतः करावी. थंडी खरी असते.

आता तो एक स्टार. पास होऊन मी मुंबईतल्या एका कन्सल्टन्सीत लागले, ईआयए रिपोर्टचं काम, म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल, कंपनीचं नाव घेत नाही. त्यासाठीच्या २००६ च्या सरकारी अधिसूचनेच्या पद्धतीत साधारणपणे एका ऋतूचा डेटा घेतला तरी चालतो आणि तो ऋतू पावसाळा सोडून. आता कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मे महिन्यात जा, काळा कातळ आणि वाळलेलं गवत, रिपोर्टमध्ये लिहा 'पडीक जमीन', झालं काम. तोच सडा ऑगस्टमध्ये बघा, सीतेची आसवं, गेंद, कातळावर साचलेल्या पाण्यात काय काय फुललेलं असतं, आणि त्यातल्या कितीतरी वनस्पती पश्चिम घाट-कोकण सोडून जगात कुठे नाहीत. मी एकदा म्हटलं, जुलैमध्ये एक चक्कर मारू, तर साहेब म्हणाले क्लायंटने मागितलेलं नाही. दोन वर्षं झाडाचा घेर छातीच्या उंचीवर म्हणजे १.३७ मीटरवरच मोजायचा हे घोकून घेतल्यावर हे ऐकून कसं वाटतं ते तुम्हीच ठरवा. पगारही असा नव्हता की मन मारावं. सहा महिन्यांत सोडलं, आता एका संस्थेत देवराया आणि सामूहिक वनहक्काच्या कामात आहे, पैसे कमीच आहेत पण पावसाळ्यात जंगलात जायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडून जाणाऱ्यांनी डिसर्टेशनचा (प्रबंधाचा) विषय सह्याद्रीतला मिळतो का बघा, गाईडशी लवकर बोला. अंजनी, किंजळ, हिरडा या आपल्या झाडांवरचं काम देहरादूनच्या दून खोऱ्यात बसून होणार नाही.

आणि आयएफएससाठी, म्हणजे भारतीय वनसेवेसाठी, म्हणून तिकडे जाणारे खूप भेटतात, कारण त्या सेवेची अकादमी त्याच कॅम्पसमध्ये आहे, प्रोबेशनर्स रोज सकाळी पळताना दिसतात. पण यूपीएससीला पात्रता पदवीचीच आहे, बीएस्सीला बॉटनी, झूलॉजी, केमिस्ट्री यातलं काही असलं तरी फॉर्म भरता येतो. फॉरेस्ट्री ऑप्शनल घेतलंत तर सिल्विकल्चर (जंगल वाढवण्याचं शास्त्र) आणि झाडांच्या मोजमापाचा अभ्यास तयार मिळतो हे खरं, तेवढ्यासाठी दोन वर्षं घालवू नका, नोट्स कुणाकडूनही मागून मिळतात.