लेव्हलिंग क्लिपांचा संच: फरशी सरळ झाली, कोटेशन वाकडंच होतं

मिस्त्रींच्या हाताखाली चार वर्षं काढून दीड वर्षापूर्वी मी स्वतःची कामं घ्यायला लागलो. पहिली मोठी खरेदी म्हणजे हा टाईल लेव्हलिंगचा संच: 200 क्लिपा, 100 पाचरी आणि एक पक्कड. आजवर सहा कामांवर वापरला आहे. स्वतःच्या पैशाने घेतलाय, कोणी दिलेला नाही.

ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. क्लिपेचा चपटा पाया टाईलखाली ओल्या ॲडहेसिव्हमध्ये जातो, मान सांध्यातून वर राहते. मानेच्या भोकात पाचर सरकवून पक्कडीने दाबली की शेजारच्या दोन टाईलच्या कडा एका पातळीत येतात. ॲडहेसिव्ह धरलं की दुसऱ्या दिवशी सांध्याच्या दिशेने रबरी हातोडा मारायचा, मान मोडते, पाया खालीच राहतो. आडवा हातोडा मारू नका. मी एकदा मारला आणि टाईलची कड टवकली. क्लिप एकदाच वापरायची, पाचर पुन्हा पुन्हा.

जे काम करायला हा संच आहे ते तो चोख करतो. 600 बाय 1200 मिमीची टाईल, 2 मिमी सांधा, अनवाणी पाय फिरवला तरी कुठे कड लागत नाही. मिस्त्री हे सगळं हाताच्या अंदाजाने आणि दोरीवर करायचे. माझा हात अजून तिथे पोचलेला नाही. तोवर क्लिपा लागणार, हे मान्य करायला लाज नाही.

पण पहिल्याच कामात या संचाने मला तोट्यात घातलं. खरं तर मीच घातलं. फोनवर विचारलं गेलं, ‘चौरस फुटाला काय घ्याल?’ मी मिस्त्रींचा दर सांगून मोकळा झालो. त्या दरामागे तीन माणसं आणि तीस वर्षांचा वेग होता, हे ध्यानातच आलं नाही. जागेवर गेलो तर खिडकीजवळ कोबा (टाईलखालचा सिमेंटचा थर) 8 मिमी खाली बसलेला. म्हटलं, क्लिपा आहेत ना! खड्ड्यात जाड ॲडहेसिव्ह भरलं आणि पाचरी आवळल्या. कडा सुंदर जुळल्या. तिसऱ्या दिवशी ठोकून पाहिलं तर दोन टाईल पोकळ वाजल्या. क्लिपेने टाईल शेजारणीला जुळवताना खालच्या ॲडहेसिव्हपासून उचलली होती. दोन्ही काढल्या, फोडल्या, नव्या बसवल्या, खर्च माझा. खोक्यावर मात्र ‘सपाट फरशीची खात्री’ असं छापलंय. जमीन सपाट करणं या संचाच्या आवाक्यात नाही. अमेरिकी मानकात 15 इंच किंवा त्याहून लांब बाजूच्या टाईलसाठी 10 फुटांत 1/8 इंच, म्हणजे साधारण 3 मिमी, एवढाच चढउतार चालतो. तो हिशेब मी आता डोक्यात ठेवतो आणि जागेवर लांब पट्टी फिरवून पाहिल्याशिवाय आकडा सांगत नाही. सपाटीकरणाची ओळ कोटेशनमध्ये वेगळी लिहितो. ‘दुसऱ्यांनी तर वेगळे पैसे सांगितले नाहीत,’ असं एक ताई म्हणाल्या. मी पट्टीखालून नाणं सरकवून दाखवलं. त्या आणखी काही बोलल्या नाहीत, काम मिळालं.

आता क्लिपांचा हिशेब, कारण दुकानदार तो सांगत नाही. 2 बाय 4च्या टाईलला (बोलायला फूट, प्रत्यक्षात वरचीच 600 बाय 1200 मिमी, म्हणजे किंचित कमी) आखूड बाजूवर 2 आणि लांब बाजूवर 3 क्लिपा लावतो. प्रत्येक बाजू दोन टाईलमध्ये वाटली जाते, म्हणून टाईलमागे 5 पडतात. 2 बाय 2ला (600 बाय 600 मिमी) टाईलमागे 4. ऐकायला कमी वाटतं, पण 180 चौरस फुटांच्या खोलीत मोठ्या टाईलला सुमारे 120 क्लिपा लागतात, लहानीला 190च्या आसपास. लहान टाईल म्हणजे स्वस्त काम, असं मी धरून चाललो होतो. कडेच्या तुकड्यांना लागतात त्या आणि फुटतात त्या वेगळ्या. पहिल्या पिशवीतल्या 9 क्लिपा आवळतानाच तुटल्या.

आणि पाचरी! इथे खरी गोम आहे. पाचरी रात्रभर फरशीवरच अडकून राहतात. 100 पाचरी म्हणजे 2 बाय 4च्या 20 टाईल, त्यापुढे त्या दिवशी हात बांधलेले. 2 बाय 2च्या 25च, म्हणजे शंभर चौरस फूटही नाही. त्या खोलीला दीड दिवस धरला होता, लागले दोन. शिवाय मान मोडायचा, सांधे खरवडायचा आणि ग्राउटचा (सांधे भरायचा) दिवस वेगळा. म्हणून आता दर लावताना चौरस फुटापासून सुरुवात करत नाही. माझा एक दिवस कितीला पडतो (हत्यारं, येणं-जाणं, काम नसलेले दिवस धरून) ते आधी, मग दिवस मोजायचे, मग भागून चौरस फुटाचा दर काढायचा, कारण समोरच्याला तोच ऐकायचा असतो. पाचरी संध्याकाळी बादलीत भिजत घालतो. वाळलेलं ॲडहेसिव्ह घासण्यात अर्धा तास जातो, तोही मोजतो.

न्हाणीघरात संच जवळजवळ निरुपयोगी. जमीन चाळीस चौरस फूट, पण नळाची भोकं, जाळीकडे उतार, उंबरठ्याचा तुकडा. अख्खी टाईल चार ठिकाणी. उताराच्या रेषेवर तर क्लिप लावूच नये, तिथे दोन टाईल वेगवेगळ्या कोनात बसतात आणि क्लिप त्यांना ओढून सरळ करू बघते. असं काम मी चौरस फुटावर घेणं बंद केलंय. भोकं, तुकडे आणि कोपरे मोजतो, मग ठोक रक्कम.

एक काम विटांच्या बांधणीसारखं, निम्म्यावर सांधा, अशा नक्षीत हवं होतं, तेही 2 बाय 4मध्ये. मी दोन टाईल तोंडाला तोंड लावून धरल्या, त्या मध्ये टेकून डुलायला लागल्या. लांब टाईल भट्टीतूनच जराशी फुगून येते. निम्म्यावर सांधा ठेवला की एकीचं पोट दुसरीच्या कडेला येतं. क्लिपा कितीही आवळा, पोट जात नाही. एक तृतीयांशावर सांधा घ्यायला घरमालक तयार झाले म्हणून काम घेतलं. नसते झाले तर सोडलं असतं, आणि दीड वर्षापूर्वी हे वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं.

पक्कड भिकार आहे. ताण ठरवायचा स्क्रू दोनशे पाचरींनंतर सैल झाला, आता प्रत्येक पाचर वेगळ्या जोराने बसते. क्लिपांना चार तारे, पाचरींना पाच, पक्कडीला एक. आणखी 100 पाचरी सुट्या मागवल्यात, पक्कड दुसऱ्या कंपनीची. पुढच्या आठवड्यातल्या हॉलला तीन दिवस सांगितलेत. मिस्त्री म्हणाले, ‘दोन पुरतील.’ मी तीनच ठेवलेत.