पट्टा कुणाच्या हातात? टिकलीच्या दोन ट्रेनरांचा आठ महिन्यांचा अनुभव

एप्रिलमध्ये मी आमच्या कुत्रीच्या, टिकलीच्या, पहिल्या ट्रेनरला पाच तारे दिले होते. ते मागे घेतोय. का, ते सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण माझं कौतुक वाचून आमच्याच सोसायटीतल्या दोघांनी त्याच्याकडे पैसे भरले.

टिकली मार्चमध्ये आमच्याकडे आली. देशी कुत्री, साधारण दीड वर्षाची, कपाळावर पांढरा ठिपका, नसबंदीच्या खुणेचा कान कातरलेला. आम्ही ठाण्यात चौथ्या मजल्यावर राहतो. घरात मी, पत्नी आणि 81 वर्षांची आई. ट्रेनर हवा होता तो शेकहँडसाठी नव्हे. टिकली पट्टा जोरात ओढायची आणि संध्याकाळी तिला खाली न्यायची हौस आईला. आई एकदा जिन्याजवळ अशी हिसकली गेली की मी कठडा धरून उभा राहिलो. या वयात पडणं म्हणजे काय, ते ज्यांच्या घरी घडलंय त्यांना विचारा.

पहिल्या ट्रेनरचं पॅकेज 12 सेशनचं, 14,400 रुपये, सगळे आगाऊ. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात. दुसऱ्याच सेशनला टिकली त्याच्या डाव्या गुडघ्याला चिकटून चालायला लागली. थांबला की बसायची. मी थक्क झालो आणि त्याच रात्री पाच तारे दिले.

त्याने मात्र पट्टा माझ्या हातात दिला की टिकली पुन्हा ओढायची. त्याचं म्हणणं, "साहेब, तुमचा आवाज कमी पडतो. अल्फा कोण ते तिला कळू द्या." चौथ्या सेशनला मी मोबाइलवर वेळ लावली. 60 मिनिटांपैकी पट्टा माझ्या हातात किती वेळ? चार मिनिटं. आईच्या हातात शून्य. मिनिटाला वीस रुपये देऊन मी माझी कुत्री दुसऱ्याचं ऐकते हे बघत उभा होतो. टिकली त्याच्याबरोबर राहणार नाहीये, आमच्याबरोबर राहणार आहे.

(अल्फाबद्दल, म्हणजे कळपावर हुकूम चालवणाऱ्या म्होरक्याबद्दल, एवढंच. ही कल्पना बंदिस्त जागेत एकत्र कोंबलेल्या अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणातून रूढ झाली. ज्यांच्या 1970च्या पुस्तकाने तिचा बराच प्रसार झाला, त्या डेव्हिड मेक यांनीच 1999मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. मला हे सगळं पैसे भरल्यानंतर कळलं.)

पाचव्या सेशनच्या सकाळी बेल वाजली आणि टिकली दारासमोर उभ्या उभ्या मुतली. पत्नी म्हणाली, "अहो, ही गुरुवारीपण अशीच मुतली होती. मी पुसून घेतलं, बोलले नाही." दूधवाल्याच्या बेलला हे होत नव्हतं, सातच्या बेललाच होत होतं. तो येताना स्वतःची चोक चेन आणायचा, गळ्यात आवळत जाणारी. पिशवीतली ती साखळी खुळखुळली की टिकली शेपूट पोटाखाली घ्यायची. मी ते बघितलं होतं आणि त्याला शिस्त समजलो होतो.

त्याच दिवशी मी थांबवलं. उरलेल्या सात सेशनचे 8,400 रुपये मागितले. उत्तर आलं, "आमच्याकडे रिफंड नसतो." पावती मागितली, तर ती फक्त यूपीआयची. तीन आठवडे फोन केले, मग त्याने नंबर ब्लॉक केला. आपल्याकडे या धंद्याला परवाना लागत नाही. उद्या सकाळी कुणीही ट्रेनर म्हणून पाटी लावू शकतो. म्हणून पैसे सेशनगणिक द्या. जो बाराचे आगाऊ मागतो, त्याला तिसऱ्या सेशननंतर तुम्हाला राजी ठेवायची गरज उरत नाही.

नंतर एक जुना प्रयोग वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. 1967मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की कुत्र्याने काहीही केलं तरी ते थांबणार नव्हते. पुढे सुटायची वाट मोकळी असूनही त्यातली बरीच कुत्री जागची हलली नाहीत. त्यांनी हार मानली होती. गुडघ्याला चिकटून चालणारी, डोळे खाली घातलेली टिकली मला त्यात दिसली. मी त्या टिकलीचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवला होता.

दुसरी ट्रेनर जूनमध्ये मिळाली. तिशीतली मुलगी, सेशनचे 1,500. पहिल्या सेशनला तिने टिकलीला हातसुद्धा लावला नाही. तासभर आम्हाला प्रश्न विचारले: झोपते कुठे, खाते काय, जांभई कधी देते, तोंड कधी फिरवते. मी मनातून भडकलो होतो. पंधराशे रुपये गप्पांचे? वर ती म्हणाली, "काका, पुढच्या सेशनआधी हिला डॉक्टरकडे दाखवून या. गळ्याजवळ हात नेला की गुरगुरते, ते दुखण्यामुळेही असू शकतं."

दाखवलं. डाव्या कानात चांगलंच इन्फेक्शन निघालं. दोन आठवडे थेंब घातले आणि गुरगुरणं निम्म्यावर आलं. तेव्हा न्यायाने सांगायचं तर सगळा दोष साखळीचा नव्हता. पण दुखऱ्या कानाखाली ती साखळी आवळली जात होती, आणि पाच सेशनमध्ये त्याने एकदाही विचारलं नाही.

दुसऱ्या सेशनपासून माझी घड्याळबाजी पुन्हा सुरू झाली. पट्टा माझ्या हातात 22 मिनिटं, पत्नीच्या हातात 15, आईच्या हातात 10. ट्रेनरच्या हातात जवळजवळ नाहीच. आई घाबरून म्हणाली, "बाळा, तूच धर गं, माझ्याच्यानं नाही होणार." ती म्हणाली, "आजी, तुमच्यासाठीच तर आलेय मी." साखळी गेली. छातीपुढे कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बांधायचा पट्टा, आला. त्यात कुत्रं ओढायला गेलं की त्याचं अंग आपल्याकडे वळतं. नियम एकच: पट्टा ताणला की आपण झाड व्हायचं, सैल झाला की पुढे निघायचं आणि लगेच खाऊचा तुकडा द्यायचा. त्याच क्षणाला. उशीर झाला तर बक्षीस भलत्याच गोष्टीला जातं. पहिला आठवडा गेटपर्यंत जायला वीस मिनिटं लागत. आईला ते जमलं, कारण त्यात ताकद लागत नाही, थांबणं लागतं.

तुकडे कसले, हेही सांगतो. दुकानातली पाकिटं तीनशे-साडेतीनशेची. आम्ही नखाएवढे पनीरचे तुकडे करतो, शंभर रुपयांत आठवडा निघतो. तेवढं जेवणातून कमी करायचं.

शब्दांचा घोळ मात्र या ट्रेनरने पकडला नसता तर आम्हाला कधीच कळला नसता. पहिला ट्रेनर 'सिट' म्हणायचा, मी 'बस' म्हणायचो, आई 'बैस गं'. आणि आमच्याकडे 'बस' दिवसभर चालतं. पाहुण्यांना बस, वाढताना बस बस, भांडताना आता बस कर. टिकलीने कुठला बस ऐकायचा? तिने सुचवलं की घरात एरवी न येणारा शब्द निवडा. आईने 'टेक' निवडला. चार दिवसांत तिघांच्याही 'टेक'वर टिकली बसायला लागली.

तक्रारी आहेत. संध्याकाळी सातनंतर ती मेसेज बघत नाही. दिवाळीत फटाक्यांनी टिकली पलंगाखाली गेली, तेव्हा उत्तर दुसऱ्या दिवशी दहाला आलं. सेशन रद्द करताना आदल्या दिवशी कळवलं नाही तर निम्मे पैसे कापते. एकदा माझे 750 गेले, त्याचा मला अजून राग आहे. पण जूनपासून अकरा सेशनचे 16,500 दिले, 750 वेगळे, आणि प्रत्येक वेळी पावती मिळाली. पहिल्यापेक्षा महाग पडली. तरी पहिल्याचे 14,400 मला जास्त बोचतात.

आज आई टिकलीला घेऊन तलावापर्यंत जाते, बाकावर बसते, परत येते. मी मागून पंधरा पावलांवर असतो, पण गेले दोन महिने पुढे धावावं लागलेलं नाही.

लिफ्ट अजून जमलेली नाही. दार सरकलं की टिकली मागे सरते. सध्या उघड्या दारापाशी पनीर ठेवून आम्ही नुसते उभे राहतो, आणि शेजारचे काका त्यांची घाई असली तरी जिन्याने जातात. डिसेंबरात त्यासाठी दोन सेशन घेतलीत.